कोल्हापुरातला सकाळचा नाष्टा: किती वाजता, कुठल्या भागात, काय मागायचं आणि काय बिघडतं

शिवाजीपेठी

दोन दिवसांसाठी कोल्हापूरला येणाऱ्यांचे नाष्ट्याचे प्रश्न इथे सारखे येतात आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली आहेत. म्हणून हा एकच धागा. नुसती नावांची यादी नको. कुठल्या भागात, किती वाजता, काय मागायचं आणि प्लेट समोर आल्यावर काय बघायचं, ते लिहा.

वेळेपासून सुरुवात करतो, कारण कोल्हापूरचा नाष्टा घड्याळावर चालतो. उजाडता उजाडता गंगावेशीतला दूध कट्टा, म्हणजे समोर म्हशीची धार काढून दूध मिळतं ती जागा. मग पोहे, उपीट, शिरा, आप्पे यांचे गाडे. हे मध्यवर्ती बसस्थानक, रंकाळा स्टँड, बिंदू चौक असे जिथे माणूस सकाळी बाहेर पडतो तिथे सापडतात. साडेसात-आठपासून मिसळ. लोणी डोशाचे गाडेही त्याच सुमाराला तापतात. मिसळीची खरी वेळ साडेआठ ते साडेदहा. बारानंतर गेलात तर तळाशी आलेला कट (मिसळीवर ओतायचा तिखट, तेलाचा पातळ रस्सा) मिळतो किंवा शटर अर्धं खाली आलेलं दिसतं.

तांबडा-पांढरा रस्सा हा सकाळचा विषय नाही, मटणाच्या खानावळी दुपारच्या जेवणालाच सुरू होतात. खासबागेतली राजाभाऊची भेळही संध्याकाळची.

गर्दीचं गणित असं. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती, म्हणजे महाद्वार रोड, भवानी मंडप, गुजरी या पट्ट्यात पाय ठेवायला जागा नसते. रविवारी जोतिबाला जाणारे भाविक आणि सुट्टीची घरची माणसं दोन्ही मिसळीच्या रांगेत असतात. बुधवार किंवा गुरुवार जमला तर निवांत बसून खाता येतं.

मुक्काम_पुणे

चांगला धागा. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरणाऱ्याने आधी खोलीवर जावं की आधी नाष्टा?

शिवाजीपेठी

सामान एखादी पाठीवरची पिशवी असेल तर थेट शिवाजी उद्यमनगर. स्टेशनवरून रिक्षाने दहा मिनिटांच्या आत. फडतरे मिसळ तिथलीच. तो भाग लेथ, फौंड्री, पॅटर्नच्या कारखान्यांचा आहे. कामावर उभं राहायच्या आधी पोटाला आधार लागतो, म्हणून तिथला नाष्टा लवकरचा आणि दणकट. मोठ्या बॅगा असतील तर मात्र खोलीवर ठेवूनच या. बाकांमध्ये बॅग ठेवायला जागा नसते, आणि मागे उभा असलेला माणूस तुमच्या उठण्याची वाट बघत असतो.

अंबाबाईचं दर्शन करायचं असेल तर उलटा क्रम बरा. पहाटे दर्शन, मग महाद्वार रोडला चोरगे मिसळ किंवा पुढे मिरजकर तिकटीकडे चालत जाऊन खासबागची. कसबा बावड्याची बावडा मिसळ शहराच्या उत्तर टोकाला आहे, तिच्यासाठी वेगळी सकाळ ठेवा. एका सकाळी दोन मिसळी खायचा बेत कुणी करू नये. दुसरी कशी होती हे जिभेला कळतच नाही.

मटकीमोड

मिसळीबद्दल सविस्तर लिहितो, कारण नव्या माणसाची गडबड इथेच होते.

कोल्हापुरी मिसळीचे तीन भाग वेगवेगळे शिजतात किंवा वेगवेगळे ठेवलेले असतात. एक, मोडाच्या मटकीची उसळ: सुकी, जवळजवळ बिनतिखट, हळद-मीठ-फोडणीची, कुठे बटाट्याच्या फोडी घातलेली. दोन, कोरडा माल: फरसाण, शेव, चिवडा. तीन, कट. प्लेटमध्ये उसळ, तिच्यावर कोरडा माल, वर कांदा-कोथिंबीर आणि शेवटी कट. पुण्यात तळाला पोहे सापडतात, तसे इथे शोधू नका.

पहिल्यांदा येणाऱ्याने कट वेगळा मागावा. "कट वाटीत द्या" एवढं म्हटलं की पुरतं. मग दोन-तीन वेळा थोडा थोडा ओतायचा. सगळा एकदम ओतला की पाच मिनिटांत फरसाणाचा लगदा होतो आणि उरलेली अर्धी प्लेट चमच्याने खायच्या खिरीसारखी लागते. लिंबू अगदी शेवटी, घासापुरतं पिळायचं. कढत कटात लिंबू पिळलं की त्याचा वास उडतो आणि नुसता आंबटपणा उरतो.

भट्टीवाला

कट कसा ओळखायचा ते सांगतो.

वरचा तेलाचा थर पारदर्शक लाल हवा. चमच्याने बाजूला सारला की खालचा रस्सा दिसला पाहिजे, आणि चमचा उचलला की थर परत जुळून आला पाहिजे. खालचा रस्सा पातळ असतो, घट्ट नसतो. सगळं मिळून गढूळ नारिंगी दिसत असेल तर त्यात बेसन, उकडलेला बटाटा किंवा फरसाणाचा चुरा घालून दाटपणा आणलेला आहे. तो कट जड बसतो आणि ब्रेडमध्ये मुरत नाही.

जिभेवर आधी खोबरं-कांद्याचा भाजका गोडवा, मग लसूण, आणि तिखट मागून घशाकडे यायला हवं. पहिल्याच घोटाला कडवट चव आली तर चटणी करपली आहे. हे दुरुस्त होत नाही, गूळ घालूनही नाही.

तेलाबद्दलही एक खूण. खाऊन झाल्यावर ओठांवर आणि टाळूला मेणासारखा पापुद्रा जाणवला, विशेषतः थंडीत, तर ते पामतेल. शेंगतेलाचा कट गार झाला तरी ओठाला असा चिकटत नाही.

अकरानंतरच्या कटाचं वेगळंच दुखणं असतं. पातेलं सकाळपासून मंद आचेवर असतं, पाणी आटतं, मीठ चढतं. मग कोणीतरी तांब्याभर पाणी ओततो. मीठ जागेवर येतं, पण वाटणाचा स्वाद पातळ होतो आणि वरचं तेल तर आधीच वाढून संपलेलं असतं. म्हणून लवकर जा असं सगळे सांगतात.

कोथरूडकर_८८

पाव का देत नाहीत हो बऱ्याच ठिकाणी? स्लाइस ब्रेड मिसळीबरोबर विचित्र वाटतो.

मटकीमोड

कोल्हापुरात मिसळ म्हणजे ब्रेड, ही इथली रीतच आहे. त्यामागे कारणही आहे. कट पातळ असतो. स्लाइसला दोन्ही बाजूंनी उघडा गर असतो, त्यामुळे बुडवला की दोन सेकंदात भिजतो आणि उचलला तरी तुटत नाही. पावाला वरून साल असते, ती कट आत घेत नाही. मग माणूस पाव फोडून आतला गर बुडवतो आणि तो कटात विरघळतो. घट्ट रश्शाला पाव चांगला, पातळ कटाला स्लाइस. अगदी ताजा, गरम ब्रेडही नको. आदल्या दिवशीचा, थोडा घट्ट झालेला ब्रेड कट जास्त झेलतो.

कोथरूडकर_८८

पटलं. तरी मी पावच मागणार.

मटकीमोड

मागा की. बऱ्याच ठिकाणी मिळतोसुद्धा.

चटणीचा_डबा

कटाचं मूळ चटणीत आहे, आणि बाहेरगावचे लोक चटणी म्हटलं की खोबऱ्याची ओली चटणी समजतात. इथे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आत, वर्षाची करून ठेवतात आणि डंकावर (मसाला कुटायच्या यंत्रावर) कुटून आणतात.

रंग आणि तिखट या दोन वेगळ्या मिरच्यांच्या जबाबदाऱ्या आहेत. ब्याडगी रंग देते, तिखट बेताचीच असते. संकेश्वरी, म्हणजे गडहिंग्लज भागातली जवारी (गावरान) मिरची, तिखट आणि वास देते. लवंगी फक्त धार लावायला. तीन किलो चटणी वापरणारं घर आणि रोज पातेलंभर कट करणारं हॉटेल, दोघांचंही प्रमाण याच तत्त्वावर असतं. नुसती ब्याडगी घातली तर कट दिसायला लालभडक आणि चवीला मुका. नुसती संकेश्वरी घातली तर पाहुणा दुसरा घास घेत नाही.

एक किलो मिरचीचं घरगुती प्रमाण: ब्याडगी ६०० ग्रॅम, संकेश्वरी ३००, लवंगी १००. धणे २५०, सुकं खोबरं २५०, तीळ १००, जिरे ५०. लसूण २५०, आलं १००, कांदा ५०० ग्रॅम. मीठ २०० ते २५०. खड्या मसाल्यात लवंग, मिरी, दालचिनी १०-१० ग्रॅम. तमालपत्र, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, मसाला वेलची ५-५ ग्रॅम. हिंगाचा छोटा खडा.

कांदा पातळ चिरून दोन दिवस कडक उन्हात वाळवायचा आणि मगच तेलात कुरकुरीत तळायचा. घाई करून ओला कांदा तळला तर बाहेरून लाल होतो, आत ओल राहते आणि पावसाळ्यात डब्याला बुरशी येते. चटणी खराब होण्याचं बहुतेक वेळा हेच कारण. मीठ कमी घातलं तरी तेच होतं, मीठ इथे चवीइतकंच टिकण्यासाठी असतं.

रंकाळा_वारा

ताई, लई बेस प्रमाण दिलंत. मिरच्यांची देठं काढून घ्यायची हेपण लिवा. देठासकट कुटली की चटणीला गवतासारखा वास येतो आन् रंगबी मळकट.

चटणीचा_डबा

बरोबर दादा. देठ काढूनच वजन करायचं, नाहीतर एक किलोची मिरची प्रत्यक्षात कमी भरते आणि मीठ जास्त होतं.

नाशिकची_पोर

तिखट अजिबात सोसत नाही पण मिसळ खायची आहे. कट कमी तिखट करून मिळतो का?

शिवाजीपेठी

पातेलं एकच असतं, तुमच्यापुरता वेगळा कट कोणी करत नाही. प्रमाण मात्र तुमच्या हातात आहे. वाटीतल्या कटाचा वरचा तेलाचा थर चमच्याने बाजूला काढा आणि खालचा रस्सा वापरा. मिरचीचा तिखटपणा तेलात उतरतो, पाण्यात फार कमी. त्यामुळे वरचं तेल काढलं की बराचसा तिखटपणा गेला. सोबत दही मागा.

तोंड पोळलं तर पाणी पिऊ नका, पाण्याने तिखट नुसतं तोंडभर पसरतं. दही, ताक, दूध यांतली प्रथिनं आणि स्निग्धांश तिखट धरून नेतात. ब्रेडचा कोरडा तुकडा चघळला तरी चालतो. गरम चहा अजिबात नको, गरम पेयाने जळजळ वाढते.

आणि रिकाम्या पोटी, रात्रभराच्या प्रवासानंतर, पहिलीच मिसळ असेल तर आधी अर्धी प्लेट पोहे किंवा दोन-तीन आप्पे खा. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी हे टाळू नये.

पंचगंगा_काठ

दूध कट्ट्याबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून मी लिहितो.

गंगावेशीत गवळी म्हशी घेऊन येतात आणि समोर धार काढून देतात. पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा. तालमींचं गाव आहे, गंगावेश तालीम तिथेच. खुराकात दूध लागणारी पोरं आणि ताज्या दुधाची आवड असलेले पेठेतले लोक हे रोजचं गिऱ्हाईक. म्हशी बऱ्याचशा पंढरपुरी. लांबट तोंड आणि तलवारीसारखी मागे खांद्यापर्यंत गेलेली शिंगं, यावरून लगेच ओळखू येतात.

तिथे जायचं तर सूर्य वर यायच्या आत. उशिरा गेलात तर मोकळा कट्टा बघून परत. धार काढताना फेस भरपूर येतो, त्यामुळे भरलेला दिसणारा ग्लास खरं तर पाऊणच असतो. मिनिटभर थांबा, फेस बसू द्या, मग भर घालून मागा. गवळी देतात, त्यात संकोच नको. फ्लॅश मारून फोटो काढू नका आणि म्हशीच्या मागच्या बाजूला उभे राहू नका. बिचकलेली म्हैस पान्हा चोरते आणि गवळ्याचं नुकसान होतं.

वैद्यबाई

पंचगंगा_काठ, तुमचा मान राखून एक गोष्ट स्पष्ट लिहिते. न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. म्हैस दिसायला निरोगी असली तरी. ग्लास आणि गवळ्याचे हात किती स्वच्छ हा भाग वेगळाच. गरोदर बायका, पाच वर्षांखालची मुलं, वयस्कर माणसं आणि मधुमेह किंवा प्रतिकारशक्तीचं औषध चालू असलेले, यांनी धारोष्ण दूध पिऊ नये.

किटली घेऊन जा, दूध आणा, एक उकळी येऊन वर चढू द्या, मग दोन-तीन मिनिटं मंद आचेवर ढवळत ठेवा. गोडवा आणि साय तशीच राहते. मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाकघर नसेल तर जवळच्या चहावाल्याला विनंती करा, तो उकळून देतो.

पंचगंगा_काठ

वैद्यबाई, मान्य. रोज पिणाऱ्यांचं बघून पाहुण्यांनी ठरवू नये. किटलीचा उपाय चांगला आहे.

वैद्यबाई

अजून एक. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण ६ ते ८ टक्के असतो, गाईच्या दुधापेक्षा बराच जास्त. पाव लिटरच्या ग्लासात १७ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश झाला. त्यावर लगेच तेलाचा कट घेतला की पोट दुपारपर्यंत कुरकुरतं. दूध आणि मिसळ एकाच सकाळी करायचंच असेल तर मध्ये दीड-दोन तास जाऊ द्या. तेवढ्या वेळात रंकाळ्याला एक फेरी होते.

भट्टीवाला

कट वडा राहिला. मिसळ नको असेल तर तो घ्यावा, पण एकच अट: वडा कढईतून आत्ता काढलेला हवा. सकाळी तळून परातीत ठेवलेल्या वड्याचं आवरण वाफेने मऊ पडलेलं असतं. त्यावर कट ओतला की बेसन सुटून तरंगतं आणि खाली नुसता बटाटा राहतो. काउंटरवर वडे ढिगाने असतील तर "पुढच्या घाण्यातला द्या" म्हणा आणि पाच मिनिटं थांबा.

वडा मधून फोडून घ्यायचा, मग कट. अख्ख्या वड्यावर ओतला तर बाहेरचं आवरण भिजतं आणि आतला बटाटा कोरडाच राहतो.

रंकाळा_वारा

आन् लोणी डोसा? सकाळी रांगा तर तिथंबी असत्यात.

तवा_आणि_उलथनं

दावणगिरी लोणी डोसा. पदार्थ मूळ कर्नाटकातल्या दावणगिरीचा, पण कोल्हापूर सीमेलगत असल्याने इथल्या गाड्यांवर तो घरचाच झाला आहे. मसाला डोशासारखा मोठा आणि कडक नसतो. लहान, जाडसर, वरून जाळीदार, खालून खरपूस, आतून मऊ. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी आणि बटाट्याची पांढरी, बिनतिखट भाजी.

मऊपणा चुरमुऱ्यांमुळे येतो. घरी करायचं तर तांदूळ ३ वाट्या, उडीद डाळ अर्धी वाटी, मेथी १ चमचा, हे पाच-सहा तास भिजवायचं. वाटताना दीड ते दोन वाट्या चुरमुरे पाच मिनिटं पाण्यात भिजवून, पिळून घालायचे. पीठ रात्रभर आंबवायचं. उडीद वाढवला तर डोसा मेदूवड्यासारखा चिवट होतो. चुरमुरे वाढवले तर तव्याला चिकटतो.

गाड्यावर काय बघायचं? पहिलं, लोणी. पांढरं लोणी तव्यावर पडलं की फेस येतो, चुरचुरतं आणि तुपाचा वास सुटतो. पिवळी वडी पडून नुसतीच वितळली, वास आला नाही, तर ते वनस्पतीचं मार्गारीन. दुसरं, तव्याचं तापमान. चांगला कारागीर प्रत्येक घाण्याआधी पाण्याचा हबका मारतो आणि पुसून घेतो. तवा फार तापला तर पीठ पसरत नाही, गोळा होऊन झाऱ्याबरोबर उचलून येतं. कमी तापला तर जाळी पडत नाही, डोसा पांढरट आणि ओला राहतो. दिवसाचा पहिला घाणा बहुतेक असाच निघतो. त्यामुळे गाडा लागल्या लागल्या जाऊ नका, अर्धा तास जाऊ द्या.

पार्सल घेऊ नका. वाफेने दहा मिनिटांत त्याची पोळी होते.

मुक्काम_पुणे

मिसळ घरी करून बघायची आहे, आठ-दहा जणांसाठी. कोणी प्रमाण देईल का? दरवेळी कटावर तेल सुटत नाही.

मटकीमोड

मटकी २५० ग्रॅम. आठ तास भिजवायची, निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडी-पावसाळ्यात अठरा-वीस तास लागतात. मोड आल्यावर वजन दुपटीहून जास्त भरतं. उन्हाळ्यात जास्त वेळ ठेवली तर चिकट होते आणि आंबूस वास येतो, ती धुऊनही सुधारत नाही. मोड धान्याएवढा लांब झाला की पुरे. हळद-मीठ घालून उघड्या पातेल्यात दहा-बारा मिनिटं शिजवा. कुकर नको, सोडा तर नकोच. दाणा फुटून पीठ होतं. शिजवलेलं पाणी फेकू नका.

कटासाठी: शेंगतेल १५० मिली, कांदे ३ मध्यम, सुकं खोबरं ६० ग्रॅम, लसूण १२ ते १५ पाकळ्या, आलं २ सेंटिमीटर, तीळ १ मोठा चमचा, कांदा-लसूण चटणी ४ मोठे चमचे, ब्याडगीची पूड १ मोठा चमचा, मटकीचं पाणी धरून एकूण २ लिटर पाणी.

कांदा आणि खोबरं वेगवेगळं भाजा. एकत्र भाजलं तर कांदा लाल होईपर्यंत खोबरं काळं पडतं. वाटण अगदी गुळगुळीत करा. भरड राहिलं तर तळाशी बसतं आणि वर पाणी तरंगतं.

सगळं तेल सुरुवातीलाच घालायचं. त्यात वाटण मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटं, बाजूने तेल दिसेपर्यंत परता. तुमचं बहुधा इथेच चुकतं. वाटणातलं पाणी पूर्ण उडायच्या आत रस्सा वाढवला की तेल त्यातच मिसळून राहतं, वर येत नाही. आता आच बारीक करा, चटणी आणि पूड घाला, लगेच दोन चमचे पाणी शिंपडा. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पण कडक तेलात ती अर्ध्या मिनिटात करपते. तेवढ्या पाण्याने तेल जरा निवतं. मिनिटभर परता, मग उकळतं पाणी. गार पाणी ओतलं तर वाटण आकसतं आणि उकळी यायला वेळ लागतो.

एक उकळी, मग २० ते २५ मिनिटं मंद आचेवर, झाकण अर्धवट ठेवून. खदाखदा उकळू नका, तेल परत रश्शात घुसळलं जातं. शेवटी आच बंद करून दहा मिनिटं हात लावू नका. थर वर येतो.

मुक्काम_पुणे

टोमॅटो?

मटकीमोड

घालू नका. आंबटपणा लिंबाचा, प्लेटमध्ये.

भट्टीवाला

वाढतानाची एक गोष्ट. पळी तळापर्यंत घालून ढवळायची नाही. आधी वरून थोडं तेल, मग पळी तिरकी करून खालचा रस्सा, असं प्रत्येक वाटीत. नाहीतर पहिल्या तिघांना नुसतं तेल आणि शेवटच्या तिघांना पाणी.

गडहिंग्लज_रोड

पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. धोक्याच्या वर गेली की नदीकाठचे रस्ते बंद होतात. २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा बंद झाला होता. अशा दिवसांत खेड्यांतून दूध आणि भाजी शहरात पोचत नाही, त्यामुळे नाष्ट्याचे गाडे आपोआप कमी होतात.

पाऊस नुसता रिपरिप असेल तर मात्र याच. कांदाभजी आणि कट त्या हवेतच खरे लागतात.

नाशिकची_पोर

उपवासाच्या दिवशी काय मिळतं? शुक्रवारी येणार आहे.

पंचगंगा_काठ

शाबूची खिचडी. इथे साबुदाण्याला शाबू म्हणतात, तसंच विचारा. महाद्वार रोडच्या आसपास मंगळवारी आणि शुक्रवारी सहज मिळते. शेंगदाण्याचा कूट भरपूर असतो. दाणे एकमेकांना चिकटून गोळा झालेला दिसला तर पुढे चला, ती पाण्यात जास्त भिजलेली किंवा झाकून ठेवलेली असते. सोबत दही घ्या.

कोथरूडकर_८८

शेवटचा प्रश्न. परत जाताना मिसळ पार्सल न्यायची तर पुण्यापर्यंत टिकते का?

शिवाजीपेठी

कट टिकतो, बाकीचं कसं बांधता यावर आहे. कट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम कट घेऊ नका. झाकण लावायच्या आधी वाफ जाऊ द्या, कोंडलेल्या वाफेने पाणी सुटतं. उसळ वेगळ्या डब्यात, फरसाण कागदी पुड्यात. चिरलेला कांदा नेऊ नका, सगळ्या डब्यांना वास लागतो. घरी ताजा चिरा.

चार-पाच तासांचा प्रवास चालतो. उसळ मात्र उन्हाळ्यात लवकर आंबते, म्हणून दुपारच्या गाडीने जाणार असाल तर नुसता कट आणि चटणी न्या. मटकी घरी भिजत घालून या.

कोथरूडकर_८८

कट परत तापवताना पाणी घालायचं का?

भट्टीवाला

नाही. मंद आचेवर, न ढवळता, कडेला बुडबुडे येईपर्यंत. उकळी फुटायच्या आत उतरवा.